मानपुरचे एक परस

मुंबईहून आग्र्याकडे जाणारा जुना राजमार्ग नर्मदा ओलांडतो, निमाडचा सखल व तप्त प्रदेश मागे टाकतो आणि विंध्याद्रीचा घाट चढू लागतो. घाटमाथ्यावर, महूच्या अलीकडे, मानपुर हे गाव लागते. माळव्याच्या पठारास आरंभ होतो तो येथूनच. जवळच जानापावची टेकडी आहे. चंबळ नदीचा उगम तेथला. तिचे पाणी यमुनेच्या वाटेने बंगालच्या उपसागरास जाऊन मिळते. घाटाखाली उतरणारे पाणी मात्र नर्मदेच्या सोबतीने अरबी समुद्र गाठते. अशा या पाणलोटाच्या गावी गेल्या हिवाळ्यात आमचा दोन दिवस मुक्काम घडला.

होळकरशाहीपासून इंदूर-महूच्या परिसरात मराठी कुटुंबे नांदत आली आहेत. त्यांतीलच एका घरी आम्ही उतरलो होतो. घर साधेच, पण मागील परस पाहून मन निवाले. लांबी चाळीस पावलांहून अधिक नसेल. कुंपणाला शेवगा आणि सीताफळ, न्हाणीच्या पाण्यावर केळ, कोपऱ्यात लिंबू, मांडवावर घोसाळ्याचा वेल. घोसाळ्याला तिकडे गिलकी म्हणतात. वाफ्यांत मेथी, पालक व कोथिंबीर, आणि दाराशी मोगरा. सकाळच्या कोवळ्या उन्हात तेथे बाज टाकून बसावे, शेंगा सोलाव्या, दोन शब्द बोलावे, याहून निराळे सुख कोणते?

परंतु या सुखावर गंडांतर आले होते. घरच्या मुलाने परसात फरशी घालण्याचा बेत केला होता. मोटार ठेवण्यास जागा हवी, पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल घरात येतो आणि पाचोळा झाडता झाडता बायकांचे हात दुखतात, असे त्याचे म्हणणे. त्यात खोटे काहीच नव्हते. आजी मात्र खिन्न होत्या. आम्ही त्यांना विचारले, "आजी, एवढा पाचोळा पेटवून का देत नाही?" त्या उत्तरल्या, "फादर, पानं जाळली तर मूठभर राख राहते. कुजवली तर टोपलीभर खत मिळतं. मला खत हवं."

आजींच्या या उत्तरामागे त्या प्रदेशातील एक मोठा इतिहास उभा आहे. १९२४ साली इंदूर येथे वनस्पती-संशोधनाची एक संस्था निघाली. अल्बर्ट हॉवर्ड हे इंग्रज शास्त्रज्ञ १९३१ पर्यंत तिचे संचालक होते. तत्पूर्वी, १९०५ पासून, त्यांनी बिहारातील पुसा येथे काम केले होते, आणि येथील शेतकऱ्यांना ते आपले गुरू मानीत. शेण गोवऱ्या होऊन चुलीत जाते आणि जमीन उपाशी राहते, हे त्यांनी पाहिले. म्हणून थोड्या शेणात पुष्कळ पालापाचोळा कुजविण्याची रीत त्यांनी बसविली. यशवंत वाड या सहकाऱ्यासमवेत १९३१ साली त्यांनी ती ग्रंथरूपाने मांडली. जगभर तिला 'इंदूर पद्धत' असेच नाव आहे.

ही रीत कोणाही गृहिणीस साधण्याजोगी आहे. खड्डा तीन फुटांहून खोल नसावा, नाही तर तळाशी हवा पोहोचत नाही. पाचोळा, तण व भाज्यांची देठे यांचा चार-सहा इंच थर द्यावा. त्यावर शेणकाला, गोठ्यातील मूत्र मुरलेली माती आणि चिमूटभर लाकडाची राख. शेणाच्या तिप्पट-चौपट पाचोळा असावा. ओल इतकीच हवी की मूठ आवळली असता हात दमट व्हावा, पाणी गळू नये. पंधरा दिवसांनी, महिन्याने व दोन महिन्यांनी ढीग खालीवर करावा. तीन महिन्यांत काळेभोर, मातीच्या वासाचे खत हाती येते. पावसाळ्यात खड्ड्यात पाणी साचते, तेव्हा जमिनीवरच ढीग रचावा.

आणखी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. माळव्याची काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, आणि पहिल्या पावसाचे पाणी त्या भेगांतून आत उतरते. वर फरशी पडली की तेच पाणी गटाराकडे धावते, आणि विहिरीच्या वाट्याला काही येत नाही.

त्या रात्री जेवणानंतर हा विषय पुन्हा निघाला. आम्ही पाहुणे, निवाडा देण्याचा अधिकार आमचा नव्हता. मोटारीला चार चाकांपुरतीच फरशी लागते, एवढेच आम्ही सुचविले. मुलगा काही बोलला नाही. महिन्याभराने त्याचा निरोप आला: चाकांखाली फरशीच्या दोनच पट्ट्या घातल्या आहेत, मोगरा सरकवून लावला आहे, आणि पाचोळा झाडण्याचे काम यापुढे त्याने स्वतःकडे घेतले आहे. आम्हाला सर्वाधिक आनंद झाला तो या शेवटच्या वाक्याने. परसाची सावली सर्वांनी भोगावी आणि केरसुणी मात्र एकीच्याच हाती असावी, हा न्याय नव्हे.

वाचकहो, आपल्याकडेही केळी आणि पानवेलींच्या वाड्या एकामागून एक फरशीखाली जात आहेत. ज्यांच्या घरामागे वीतभर माती अजून उघडी आहे, त्यांनी यंदा तेथे एक खड्डा खणावा. घरातील मुलांना सोबत घ्यावे आणि ढीग उलटविण्याचे दिवस त्यांनाच मोजू द्यावे. तीन महिने हा काही फार मोठा काळ नव्हे.