सावलीची फेरी

डॉक्टरांनी साखर वाढल्याचं सांगितलं आणि वर म्हणाले, "आजी, रोज तासभर चालत जा." मला हसूच आलं. निंदणी, वेचणी, विहिरीवरचं पाणी, जन्मभर मी चालण्याशिवाय दुसरं केलं काय? पण लेक ऐकेना. गेल्या मे महिन्यात तिने मला जळगावी आपल्याकडे ठेवून घेतलं.

जळगावचा मे महिना खानदेशी माणसाला सांगायला नको. पारा ४५ अंशांच्या घरात. सकाळी आठ वाजले की डांबरी रस्त्याकडे बघवत नाही. म्हणून लेक मला उजाडतानाच मोहाडी रस्त्यावरच्या लांडोरखोरीला घेऊन जायची. वनखात्याचं वनोद्यान आहे ते. नाव किती साजेसं! खोऱ्यात मोर-लांडोरांचा वावर, म्हणून लांडोरखोरी. आत झाडीतून पायवाट काढली आहे. जिथून निघावं, फिरून तिथेच यावं. माझ्या चालीने एका फेरीला पाऊण तास लागे.

पहिल्या दिवशी मला अवघडल्यासारखं झालं. हातात विळा नाही, डोक्यावर भारा नाही, नुसतंच काय चालायचं? पण आठवडाभरात गोडी लागली. पळस, निंब ओळखीचेच. मोराची केका ऐकली की वाटे, आपल्याच शिवारात आहोत. शहरातली शिकलेली माणसं, कोणी वकील, कोणी दुकानदार, पहाटे उठून गाडीवर बसून इथे येत होती. कशासाठी? तर घटकाभर सावलीत चालायला मिळावं म्हणून!

त्याच अंगाला मेहरूण. मेहरूणची बोरं आपण लहानपणी किती चवीने खाल्ली! आता तिथे वस्ती वाढली आणि बोरांची झाडं कमी होत गेली. लेक म्हणाली, "आई, नाव राहिलं, झाडं गेली." ते वाक्य माझ्या मनात रुतून बसलं. कारण त्याच दिवशी घरून मुलाचा फोन आला होता. आमच्या दक्षिणेच्या बांधावरचे तीन निंब विकायचं घरात ठरत होतं. लाकडाचा व्यापारी येऊन बघून गेला होता. मुलाचं म्हणणं, "सावलीने कपाशीच्या चार ओळी दरवर्षी मार खातात." ह्यांनीही मान डोलावली होती.

ते निंब सासूबाईंनी लावलेले. मी नवी नवरी असताना दोन उन्हाळे विहिरीवरून हंड्याने पाणी नेऊन घातलं आहे. मी फोनवर एवढंच म्हटलं, "मी येईपर्यंत कुऱ्हाड लावू नका."

त्यानंतर फेरी घालताना मी झाडांकडे निराळ्या नजरेने बघू लागले. पळसाखाली फुटकळ सावली, निंबाखाली गच्च. निंबाचं कौतुक हेच, की तो फाल्गुनाच्या सुमारास पानं गाळतो, चैत्रात नवी पालवी घेतो आणि ऐन उन्हाळ्यात भरून उभा राहतो. आपल्याला गरज तेव्हा त्याची छत्री तयार.

नातवाने एक गंमत दाखवली. २५ मेच्या सुमारास आपल्या जळगावी दुपारी साडेबाराच्या आसपास सूर्य बरोबर माथ्यावर येतो. त्याने अंगणात बाटली उभी ठेवली, तर तिची सावलीच पडेना. माझी सावलीही पायाखाली गेली. आणि हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला कलतो, तेव्हा सावल्या उत्तरेकडे लांब पडतात, असं तो म्हणाला. तेव्हा मला उमगलं, मुलगा खोटं बोलत नव्हता. दक्षिणेच्या बांधावरच्या झाडाची सावली कपाशी वेचणीच्या दिवसांत आपल्याच वावरात पडणार.

महिना संपला, मी घरी आले. बांधावर गेले तर दोनच निंब उभे. एक आडवा झाला होता. "व्यापारी परत यायचा नाही म्हणून एक दिला," मुलगा खाली मान घालून म्हणाला. मी काही बोलले नाही. खोडाच्या बुंध्यावर बसले. तिथे सालदार आणि निंदणीच्या बाया कळण्याची भाकर खायला बसत. त्याच निंबाला लेकरांची झोळी बांधलेली असे.

संध्याकाळी सगळे बसलो. मी म्हटलं, "तुझ्या चार ओळींचा तोटा खरा. पण केळीची पानं फाटू नयेत म्हणून आपण बागेभोवती शेवरी लावतो. मग उन्हातान्हात राबणाऱ्या माणसासाठी दोन झाडं जड झाली का?" ह्यांनी बराच वेळ काही म्हटलं नाही. मग म्हणाले, "राहू द्या दोन्ही."

पावसाआधी निंबांच्या खालच्या फांद्या छाटल्या, म्हणजे ऊन आत येईल. पाला वावरात पसरला. त्या चार ओळींत कपाशीऐवजी हळद लावली. हळदीला थोडी सावली चालते. बरी निघते का, ते काढणीला कळेल. खाली पडलेल्या लिंबोळ्या गोळा करून वाळवल्या. ५ किलो लिंबोळीच्या भुकटीचा अर्क १०० लिटर पाण्याला होतो आणि तो कपाशीवर फवारायला चालतो. झाड नुसतं घेत नाही, देतंही.

गेलेल्या निंबाच्या जागी काही ओल्या लिंबोळ्या टोचल्या. लिंबोळी ताजी असतानाच लावावी, जुनी झाली की उगवत नाही. मात्र या वेळी उत्तरेच्या बांधावरही टोचल्या. तिथल्या झाडाची हिवाळ्यातली सावली आपल्या पिकावर येणार नाही. तिकडे गाडरस्ता आहे, येणाऱ्या-जाणाऱ्याला होईल.

डॉक्टरांचं चालणं मी सोडलेलं नाही. रोज सकाळी आमच्या वावराला एक फेरी घालते. सावली अजून दोनच ठिकाणी लागते. तिथे घटकाभर थांबते, रोपांना तांब्याभर पाणी घालते आणि पुढे चालू लागते.