काचेचं चिलखत घातलेला वाटमाऱ्या

सिरोडिलच्या हमरस्त्यावर तो हमखास भेटतो. मांजराच्या चेहऱ्याचा, खजीत जमातीचा वाटमाऱ्या. आडवा येतो, शंभर नाणी मागतो आणि नाही दिली तर हत्यार उपसतो. ‘ऑब्लिव्हियन’ खेळलेल्या जवळपास सगळ्यांच्या ओळखीचा आहे तो. सुरुवातीला त्याच्या अंगावर केसाळ कातड्याचं चिलखत असतं आणि हातात साधंसं लोखंडी हत्यार. आपल्याही खिशात तेव्हा जेमतेम तेवढेच पैसे असतात, त्यामुळे शंभर नाण्यांसाठी कुणी जिवावर उदार होईल हे पटतं. पुढे आपलं कॅरेक्टर विसाव्या लेव्हलच्या वर गेलं की तोच प्रसंग पुन्हा घडतो. मागणी तीच, शंभर नाण्यांची. मात्र आता तो हिरवट काचेच्या चिलखतात नखशिखांत मढलेला असतो, आणि बाजारात त्या चिलखताचे काही हजार सहज येतील.

रात्री जेवणं उरकली की मी हा गेम खेळत असे. त्या वाटमाऱ्याला मारलं, चिलखत उतरवून घेतलं, विकलंही. पण त्यानंतर सिरोडिलमध्ये पूर्वीसारखं मन रमेना. हा माणूस इथला नव्हता. माझी लेव्हल बघून कुणीतरी त्याला सजवून माझ्या वाटेवर उभं केलं होतं.

बेथेस्डाचा ‘द एल्डर स्क्रोल्स ४: ऑब्लिव्हियन’ आला मार्च २००६ मध्ये. तुरुंगातून निसटलेला कैदी भुयारी गटारातून बाहेर पडतो आणि समोर रुमारे तलाव पसरलेला असतो. पलीकडच्या काठावर विल्वरिन नावाचे पांढऱ्या दगडाचे भग्नावशेष दिसतात. इथून पुढे कुठे जायचं ते गेम सांगत नाही. मुख्य कथेचा माग घ्या, डोंगरात भटका, नाहीतर थेट एखाद्या शहरात जा. मोठी शहरं तर नकाशावर बोट ठेवून पहिल्या दिवसापासून गाठता येतात. एवढं स्वातंत्र्य द्यायचं तर खेळणारा कुठेही गेला तरी तग धरला पाहिजे, आणि कितीही ताकदवान झाला तरी कंटाळता कामा नये. त्यावर बेथेस्डाने काढलेला तोडगा म्हणजे लेव्हल स्केलिंग. बहुतेक जागी कोण भेटणार आणि त्याच्याकडे काय असणार, हे त्या जागेवरून ठरत नाही, खेळणाऱ्याच्या लेव्हलवरून ठरतं. हेतू चांगला होता, आणि पहिले काही तास तो साधतोही. विल्वरिनच्या बाहेरचे दरोडेखोर नवख्याला घाम फोडतात, पण मारता येतात.

गडबड होते ती नंतर, आणि सगळीकडे एकदम होते. जंगलात लांडगे दिसेनासे होतात आणि त्यांच्या जागी अस्वलं, पुढे ओगर आणि मिनोटॉर फिरू लागतात. दरोडेखोरांच्या अंगावर काच येते, मरॉडर नावाचे लुटारू डेड्रिक चिलखतात हिंडू लागतात. हे डेड्रिक चिलखत त्या जगातलं सर्वांत दुर्मीळ, आणि सिरोडिलमधले उघड्यावर झोपणारे लोक ते घालून हाणामारी करतात! गोब्लिन वॉरलॉर्डची तब्येत तर खेळणाऱ्याच्या लेव्हलबरोबर वाढतच जाते, तिला वरची मर्यादाच नाही. आधी ज्याला तीन-चार घावांत लोळवलं त्याच्या भाऊबंदांवर पुढे घाव घालून हात दुखतात आणि ते उभेच. गावातले लोक मात्र जुन्याच गप्पा मारत राहतात. रस्त्यावर मिनोटॉर फिरताहेत, याची चर्चा एकाही खानावळीत होत नाही.

लेव्हल वाढण्याची रीत हे दुखणं आणखी वाढवते. ऑब्लिव्हियनमध्ये सात मुख्य कौशल्यं निवडायची, त्यांत मिळून दहा पायऱ्या चढलं की झोपायचं. उठलं की लेव्हल वाढलेली असते. आता एखाद्याने मुख्य कौशल्यांत घासाघीस आणि वक्तृत्व घेतलं असं समजू. तो बाजारात सौदे करत, लोकांशी गोडगोड बोलत लेव्हल वाढवत नेतो. तलवारीचा हात होता तेवढाच राहतो. पण रानातल्या ओगरला त्याच्याशी कर्तव्य नाही. लेव्हल वाढली, ओगर आले. व्यापारी होऊन जगायची ज्याला हौस, त्याच्यावर मिनोटॉर सोडणारं हे जग.

म्हणून मुरलेले खेळाडू वेगळीच शक्कल लढवू लागले. एका लेव्हलच्या दरम्यान एखाद्या गुणाशी जोडलेल्या कौशल्यांत दहा पायऱ्या चढल्या तर तो गुण पाचने वाढवता येतो, नाहीतर कमीने. त्यामुळे जे कधी वापरायचंच नाही ते मुख्य म्हणून निवडायचं, जे रोज वापरायचं ते बाहेर ठेवायचं, आणि शेजारी कागद घेऊन कशाच्या किती पायऱ्या झाल्या याची नोंद करत बसायचं. काहीजण तर झोपायचंच टाळत. झोप नाही म्हणजे लेव्हल नाही, आणि लेव्हल नाही म्हणजे जग सोपं. पहिल्या-दुसऱ्या लेव्हलवर राहून अख्खी कथा संपवणारे लोक आहेत. भूमिका जगण्यासाठी बनवलेल्या गेममध्ये वाढायचं नाही हाच शहाणपणा ठरला, ही गोष्ट मला आजही खुपते.

पण मला सगळ्यात जास्त लागलं ते कोरॉलमधलं प्रकरण. तिथे व्हॅलस ओडिल नावाचा वयस्क शेतकरी भेटतो. गोब्लिन त्याच्या शेतावर धाड घालताहेत, दोन्ही मुलं शेत राखायला निघाली आहेत, आणि याच्या अंगात आता लढायची ताकद राहिलेली नाही. माझ्या मुलांना वाचव, अशी विनवणी तो करतो. दोन्ही मुलं जगली तर बक्षीस म्हणून आपली तलवार देतो, चिलरेंड. तलवार देखणी आहे, घाव बसला की बर्फाचा चटका देणारी. पण तिची ताकद ठरते ती मिळाली त्या दिवशीच्या लेव्हलवर, आणि एकदा हातात आली की ती कायम तशीच. पाचव्या लेव्हलला घेतलेली चिलरेंड पुढे निकामी होते. साहजिकच जाणत्यांचा सल्ला असा, की ओडिलकडे आत्ता जाऊ नका, लेव्हल वाढू द्या. तो बाप वाट पाहतो. गोब्लिनही वाट पाहतात. मुलांच्या जिवाची भीक मागणाऱ्या माणसासमोरून आपण मनातल्या मनात हिशोब करत निघून जातो, आणि हा हिशोब गेमच करायला लावतो. इतका चांगला लिहिलेला प्रसंग आकडेमोडीपायी असा वाया जावा, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

क्वाचचंही तेच. उद्ध्वस्त झालेलं शहर, वेशीबाहेर आगीचा धगधगता दरवाजा, तंबूंत रडणारी माणसं. इथे लगेच धावून गेलं तर दरवाज्यातून निघणारे स्कॅम्प किरकोळ असतात. उशिरा गेलं तर आत डेड्रॉथसारखी धूडं उभी. आता यात कुणी म्हणेल की उशीर केला म्हणून संकट वाढलं, कथेला धरूनच झालं की! पण तसं नाही. महिनाभर दुसरीकडे नुसतं उभं राहून, लेव्हल न वाढवता आलं तर स्कॅम्पच भेटतात. दरवाजाला वेळेशी देणंघेणं नाही, फक्त माझ्या आकड्याशी आहे.

याच्या अगदी उलट अनुभव ‘गॉथिक’चा. पिरान्हा बाइट्स या जर्मन कंपनीचा २००१ चा गेम. जादूच्या घुमटाखाली कोंडलेलं खाणींचं खोरं, आणि त्यात ढकललेला एक निनावी कैदी. या खोऱ्याला त्याची काडीची पर्वा नाही. माळावरचे स्कॅव्हेंजर, म्हणजे उडता न येणारे थोराड पक्षी, दोन मिळून त्याचा जीव घेऊ शकतात. स्नॅपर दिसला की पळायचं. रानात शॅडोबीस्ट आहे, तो पहिल्या दिवशी आहे आणि विसाव्या दिवशीही तेवढाच आहे. सुरुवातीला हा कैदी एका हाताची तलवार दोन्ही हातांनी धरतो, लाकूड फोडायला निघाल्यासारखी. आखाड्यातल्या गुरूकडे जाऊन शिकलं की पकड बदलते, पावलं बदलतात, घाव सलग पडू लागतात. त्यानंतर मी मुद्दाम त्याच माळावर परत गेले. पक्षी तेच होते, तितकेच चिवट होते, आणि मी त्यांच्यामधून सहज पार झाले. प्रगती म्हणजे काय ते त्या माळाने मला दाखवलं, कारण माळ जागचा हलला नव्हता.

ऑब्सिडियनचा ‘फॉलआउट: न्यू व्हेगस’ (२०१०) तर यातून रस्तेच घडवतो. गुडस्प्रिंग्ज या गावातून निघालं की उत्तरेचा रस्ता व्हेगसला जवळचा. त्या वाटेवर स्लोन नावाची खाणकामगारांची वस्ती लागते, आणि तिथले लोक सांगतात की पुढच्या खाणीवर डेथक्लॉ बसले आहेत. ते खरंच बसलेले असतात. नवख्याला एका झडपेत संपवतात. म्हणून बहुतेकजण दक्षिणेचा वळसा घेतात, प्रिम, निप्टन, नोव्हॅक असा, आणि कथाही त्याच वळशावर पेरलेली आहे. पण जवळच्या वाटेला कुलूप नाही. गुडस्प्रिंग्जच्या शाळेतल्या तिजोरीत एक स्टेल्थ बॉय मिळतो, थोडा वेळ अदृश्य करणारं यंत्र. ते वापरून मी श्वास रोखून त्या खाणीच्या कडेने सरपटत गेले होते. त्या जगाने मला धमकी दिली होती आणि ती पोकळ नव्हती, म्हणून त्या सुटकेला अर्थ आला.

मग सगळे आकडे जागीच खिळवून ठेवले की झालं? तेवढ्याने भागत नाही. ‘द विचर ३’ (२०१५) मध्ये शत्रूंच्या डोक्यावर लेव्हलचा आकडा दिसतो. व्हेलेनच्या दलदलीतला ड्राउनर आणि स्केलिगे बेटांवरचा ड्राउनर दिसायला सारखेच, पण बेटावरचा कित्येक लेव्हल वरचा. तोच प्राणी इथे दोन घावांत मरतो आणि तिथे ढालीसारखा उभा राहतो, कारण फक्त नकाशावरची जागा. हाही विश्वासघातच. पुढे अपडेटमधून शत्रूंना खेळणाऱ्याच्या बरोबरीला आणायचा पर्याय आला, तो मी चालू करून पाहिला आणि बंद केला.

बेथेस्डाने स्वतः धडा घेतला, हे नोंदवायला हवं. ‘स्कायरिम’मध्ये (२०११) बऱ्याच गुहा-किल्ल्यांना आपापली किमान लेव्हल आहे, आणि पहिल्यांदा पाऊल ठेवाल तेव्हाची लेव्हल त्या जागेला चिकटून राहते. त्यातले राक्षस तर कायम ३२ व्या लेव्हलचे. मॅमथ राखत शांतपणे चालणारे हे राक्षस नवख्याला एका सोट्यात आभाळात उडवतात, आणि म्हणूनच व्हाइटरनभोवतीचं ते पठार खरं वाटतं. ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ने (२०१७) आणखी वेगळी वाट काढली. किती शत्रू मारले याची गेम गुपचूप मोजदाद ठेवतो आणि लाल बोकोब्लिनच्या जागी हळूहळू निळे, काळे, चंदेरी येतात. हेही स्केलिंगच आहे. पण रंगावरून कोण किती घातक ते लांबूनच कळतं, आणि रक्तचंद्राच्या रात्री मेलेले उठतात ही गोष्ट कथेतच बसवलेली आहे. शिवाय किल्ल्याभोवतीचे गार्डियन पहिल्या दिवसापासून तितकेच भयंकर असतात.

ऑब्लिव्हियनवर सर्वांत मोठं उत्तर मात्र खेळणाऱ्यांमधूनच आलं. ऑस्कुरो या नावाने ओळखल्या जाणाऱ्या होर्हे साल्गादोने ‘ऑस्कुरोज ऑब्लिव्हियन ओव्हरहॉल’ हा मॉड केला. त्यात बरेच शत्रू आपापल्या जागी, आपापल्या ताकदीने पक्के बसवले. काही गुहा नवख्याला झेपणाऱ्या, काही मृत्यूचे सापळे, आणि उत्तम वस्तू दुर्मीळ. मी तो मॉड घालून सिरोडिल पुन्हा फिरले. एका गुहेतून तीनदा पळून यावं लागलं आणि त्या गुहेचं नाव मला नकाशा न बघता आठवू लागलं. हेच साल्गादो पुढे ऑब्सिडियनमध्ये गेले आणि न्यू व्हेगसच्या चमूत होते, हे कळलं तेव्हा मला फार आनंद झाला.

एप्रिल २०२५ मध्ये ऑब्लिव्हियनची नवी, रीमास्टर केलेली आवृत्ती आली. कागदावर हिशोब मांडायची गरज त्यात उरलेली नाही. प्रत्येक लेव्हलला बारा गुण मिळतात आणि ते तीन गुणधर्मांत वाटायचे. विल्वरिनच्या दगडांवर आता ऊन सुरेख पडतं. शत्रू मात्र अजूनही खेळणाऱ्याची लेव्हल बघूनच वेष करतात. मालिकेचा सहावा भाग २०१८ मध्ये जाहीर झाला, तो अजून यायचा आहे. तो आला की मी ग्राफिक्स नंतर बघेन. आधी पहिल्याच गावात लोकांशी बोलत फिरेन. जवळपासच्या कुठल्या खाणीकडे, कुठल्या रानाकडे जाऊ नको म्हणून कुणी बजावतंय का ते ऐकेन, आणि लगोलग तिकडेच जाऊन मरायला होतं का ते पाहीन.