अजाब कुणावर, माफी कुणाकडे?

रामदासपेठेत राहूनही नाग नदीचे नाव क्वचितच कानावर येते. इथे तिला सगळे नालाच म्हणतात. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे मात्र ती नदी आहे हे सगळ्यांना कळले. चार तासांत शंभर मिलीमीटरहून अधिक पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि काठावरच्या वस्त्यांत झोपेतच पाणी शिरले. शहरात चार माणसे दगावली. त्यांत अंथरुणाला खिळलेली एक वृद्धाही होती.

पुढच्या जुम्याला, म्हणजे मीलादच्या दुसऱ्या दिवशी, मशिदीत बयान झाले. मौलानांनी आद, समूद आणि हजरत नूह यांच्या कौमची हकीकत सांगितली. हा पूर म्हणजे आपल्या गुनाहांचा अजाब आहे, तौबा करा, अल्लाह माफ करणारा आहे, असा त्यांचा आशय होता. बयान कळकळीचे होते. माझ्या शेजारचे वृद्ध गृहस्थ रडत होते. मीही हात उचलून दुआ मागितली.

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत सहावीला शिकवतो. दुसऱ्या दिवशी वर्गातल्या एका मुलीने विचारले, “सर, हमारे घर में पानी आया, बाजूवालों के नहीं आया. तो अल्लाह मियाँ हमसे ही नाराज हैं क्या?” तिचे घर नाल्याकाठी, सखलात. दप्तर, पुस्तके, गहू, सारे भिजलेले. बी.एड.ला आम्ही बालमानसशास्त्र शिकलो. या प्रश्नाचे उत्तर तिथे नव्हते. ते दीनमध्येच शोधणे भाग होते.

हिजरी 10 मध्ये हुजूर (स.) यांचे चिमुकले पुत्र इब्राहीम वारले. त्याच दिवशी सूर्यग्रहण लागले. लोक म्हणू लागले, या मृत्यूमुळेच ग्रहण लागले. हुजूर स्वतः दुःखात होते, तरी त्यांनी ती समजूत खोडून काढली. ग्रहण कुणाच्या जन्म-मृत्यूमुळे लागत नाही, ते अल्लाहच्या निशाण्यांपैकी आहे, असे त्यांनी सांगितले. घरातले दुःख असताना ज्यांनी निसर्गाचा असा अर्थ लावू दिला नाही, त्यांची उम्मत आपण आहोत.

दुसरी गोष्ट हदीसमधली. बुडून मरणाऱ्याला शहीदांचा दर्जा सांगितला आहे. मग त्या अंथरुणावरच्या वृद्धेला आपण गुनहगारांच्या रांगेत कसे बसवणार? हजरत नूह यांची कौमही बेसावध पकडली गेली नव्हती. कुरआनप्रमाणे ते तिच्यात 950 वर्षे राहिले, समजावत राहिले. इथे नाल्याकाठच्या माणसाला तलाव ओसंडणार हेसुद्धा कुणी वेळेवर सांगितले नाही.

याचा अर्थ गुनाह झालाच नाही असा नव्हे. नदीचे पात्र आवळले गेले, काठावर भराव पडले, भिंती उभ्या राहिल्या. अंबाझरीच्या सांडव्यासमोरच्या अडथळ्यांचा प्रश्न उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गेला. पाण्याची वाट माणसांनी अडवली आणि पाणी मात्र भलत्यांच्याच घरात गेले.

आणि माफीचे म्हणाल तर आपल्या दीनमध्ये हक्क दोन प्रकारचे आहेत: हुकूकुल्लाह आणि हुकूकुल इबाद. नमाज चुकली तर अल्लाहपुढे रडावे. त्याची रहमत अफाट आहे. पण बंद्याचा हक्क मारला तर तो परत करावा लागतो, त्या बंद्याची माफी मागावी लागते. ज्याने नदीची जागा खाल्ली, त्याची तौबा मुसल्ल्यावर बसून पुरी होत नाही. त्याला भिजलेल्या घरांच्या दारात जावे लागेल. त्या दिवशी मशिदीत रडले ते बहुतेक घर भिजलेले लोक होते. ज्यांनी रडायला हवे होते, त्यांना कुणी हाक मारली नाही.

मी मुलीला एवढेच सांगितले, “बेटा, पाणी उताराकडे जाते. तुझे घर उतारावर आहे. अल्लाह तुझ्यावर नाराज नाही.” मग वर्गात फळ्यावर नाग नदीचा नकाशा काढला. अंबाझरी कुठे, उतार कुठे, पात्र कुठे अरुंद झाले, ते मुलांनी वहीत उतरवून घेतले. तो तास भूगोलाचा नव्हता, दीनियातचा होता.