वर्षाच्या आत लागलेले दिवे

ओसाका,
3 फेब्रुवारी 2025

ती. आत्यास,


परवा फोनवर तू विचारलंस, "जिथं एवढी माणसं गेली, त्या गावात रोषणाई कशाची करतात?" आवाज तुटत होता आणि कानाचं यंत्र टोचतं म्हणून तू ते काढून ठेवलेलं, म्हणून मी नुसतं "कळवतो" म्हणालो. हे सांगायचं तर निवांत सांगायला हवं. पत्र नातीकडून वाचून घे. घाईनं वाचायला लागली तर थांबव तिला.

तुझा प्रश्न आपल्या रीतीला धरून आहे. घरातलं माणूस गेलं की त्या वर्षी सण नाही. कंदील लागत नाही, कढई चढत नाही, भावकीतून कुणीतरी फराळाचा डबा आणून देतं. कोबे शहरात भूकंप झाला 17 जानेवारी 1995 ला, पहाटे 5 वाजून 46 मिनिटांनी. 6,434 माणसं गेली. आणि हे दिवे पहिल्यांदा लागले त्याच वर्षीच्या डिसेंबरात, म्हणजे वर्षश्राद्ध व्हायच्याही आधी. त्यामुळे 'कोबे लुमिनारिए' या उत्सवाचं नाव ऐकलं तेव्हा माझ्याही मनात तुझाच प्रश्न आला होता. शनिवारी मुद्दाम गेलो तो त्यासाठीच.

आधी ते वर्ष कसं गेलं ते ऐक. भूकंप झाला त्या क्षणी जवळपास 26 लाख घरांची वीज गेली. वीज कंपनीच्या माणसांनी सहा दिवसांत ती परत आणली. पण पडक्या घरांत तारा तुटलेल्या होत्या, हीटर उलटे पडलेले होते. प्रवाह सुरू झाला आणि त्यातून काही ठिकाणी नव्या आगी लागल्या. गॅस पूर्ववत व्हायला एप्रिल उजाडला. लोक शाळांच्या हॉलमध्ये, मग तात्पुरत्या घरांत राहिले. दुकानं पडलेली, बाजारपेठेत संध्याकाळी अंधार, आणि अंधार म्हणून गिऱ्हाईक नाही. माझ्या ऑफिसात निवृत्तीला टेकलेल्या एक बाई आहेत, कोबेच्या नागाता भागातल्या. भूकंपानंतरच्या आगीत तो भाग फार जळला. त्या म्हणतात की त्या वर्षी संध्याकाळी पाच वाजले की बाहेर पडायची इच्छाच मरून जायची.

अशा शहराला इटलीच्या सरकारनं दिवे दिले. इटलीच्या दक्षिणेला पुलिया नावाचा प्रांत आहे. तिथं गावच्या संताचा उत्सव असला की लाकडी पट्ट्यांच्या मोठमोठ्या नक्षीदार चौकटी पांढऱ्या रंगवून रस्त्यावर उभ्या करतात आणि त्यांवर हजारो रंगीत दिवे बसवतात. पूर्वी तेलाचे असत, मग विजेचे आले. व्हालेरिओ फेस्ती या इटालियन कलावंतानं आणि हिरोकाझु इमाओका या जपानी निर्मात्यानं ही कला कोबेत आणली. गेलेल्यांना शांती लाभावी आणि शहर पुन्हा उभं राहावं, हे दोन हेतू त्यांनी पहिल्यापासून सांगितले. पहिल्या वर्षी अकरा दिवसांत 25 लाखांवर माणसं आली. बेत एकदाच करायचा होता. लोकांनी म्हटलं, बंद करू नका, आणि तो चालू राहिला. करोनाच्या साथीत तीन वर्षं खंड पडला तेवढाच.

पहिल्या वर्षी त्या बाई गेल्या होत्या. मी विचारलं, कसं वाटलं? त्या जरा थांबून म्हणाल्या, "दिवे लागले तेव्हा शेजारी उभ्या माणसांचे चेहरे दिसले. कितीतरी दिवसांनी रात्री एवढे चेहरे एकदम पाहिले." त्यांच्या बाजूला एक म्हातारे गृहस्थ मोठ्यानं रडत होते आणि कुणी त्यांना गप्प केलं नाही. आत्या, इथली माणसं चारचौघांत रडत नाहीत, हे लक्षात घेऊन हे वाक्य ऐक.

आता शनिवारचं सांगतो. मी दुपारीच पोहोचलो, कारण आधी मला हिगाशी युएन्ची हे उद्यान उजेडात पाहायचं होतं. महापालिकेच्या इमारतीला लागूनच ते आहे. तिथं काचेच्या पेटीत गॅसची एक ज्योत सन 2000 पासून अखंड तेवते आहे. ती पेटवताना भूकंपग्रस्त गावांतून आणि देशाच्या 47 प्रांतांतून अग्नी आणून एकत्र केला होता. जवळच जमिनीखाली एक गोल खोली आहे. वर पाण्याचं छत, त्यातून गाळून आलेला उजेड, आणि भिंतीभर लहान पट्ट्यांवर गेलेल्यांची नावं. दर वर्षी नवी नावं लावतात. ढिगाऱ्याखाली सापडून गेलेले तर आहेतच, पण त्या धक्क्यानं खचून पुढं काही वर्षांनी गेलेले, दूरच्या गावी जाऊन तिथं गेलेले, अशांचीही नावं घरच्यांनी मागितली तर लावतात. मला हे फार मोठं वाटलं. आपल्याकडं किल्लारीच्या भूकंपानंतर दादाआजोबा पत्र्याच्या शेडमध्ये दोन पावसाळे काढून गेले, त्यांची गणती कुणी भूकंपात केली नाही. तू मात्र नेहमी करतेस.

बाहेर आलो तेव्हा उन्हं उतरली होती. कोबेच्या पाठीशी रोक्कोचा डोंगर आहे, आणि हिवाळ्यात त्याच्यावरून खाली शहरात वारं सुटतं. कान बधिर झाले. इथं कापडी पुड्या मिळतात, आत लोखंडाची भुकटी असते. हवा लागली की ती गंजू लागते आणि त्यातून ऊब येते. दोन्ही खिशांत दोन ठेवल्या. चिनी वस्तीत वाफेवरच्या गरम पावांपुढं मोठी रांग होती. मी निवृत्तीला आलेल्या त्या बाईंना स्टेशनावर भेटलो आणि आम्ही बंदराकडं चालू लागलो.

पूर्वी ही रोषणाई जुन्या परदेशी वसाहतीच्या अरुंद रस्त्यावर असायची. गर्दी इतकी व्हायची की लोकांना वळसे घालून तासन्‌तास चालावं लागे. 2024 पासून ती डिसेंबरातून जानेवारीच्या अखेरीस आणली आणि तीन-चार जागी विभागली. हा बदल मला पटला. डिसेंबरात सगळीकडं नाताळच्या माळा असतात, त्यांत हे दिवे कशाचे ते हरवून जात असणार. आता ते 17 जानेवारीच्या मागोमाग येतात. कमानींची मोठी रांग बंदरावरच्या मेरिकेन पार्कात असते आणि त्या भागाला तिकीट लावलंय. खर्च मोठा आहे, देणग्या पुरत नाहीत, गर्दीही आवरावी लागते, सगळं समजतं. तरी शोकाच्या जागेला तिकीट नको होतं, असं मला वाटतं. हिगाशी युएन्ची उद्यानातला भाग खुला ठेवलाय, तिथं माणशी शंभर येन टाका म्हणून पेट्या घेऊन स्वयंसेवक उभे असतात. ते मला जास्त योग्य वाटतं.

कमानींखाली शिरलो. देवळातल्या महिरपीसारख्या एकामागं एक उंच चौकटी, निळ्या, तांबड्या, हिरव्या, पिवळ्या ठिपक्यांनी भरलेल्या, आणि संथ आवाजातलं सामूहिक गायन. हात पुढं केला तर तळव्यावर रंग पडत होता. लोक हळू चालत होते. फोटो सगळेच काढत होते, लहान पोरं खांद्यावर बसली होती, तरुण जोडपी हातात हात घालून होती. बाईंना मी विचारलं, ही मजा करायला आलेली माणसं पाहून वाईट नाही वाटत? त्या म्हणाल्या, यांतल्या निम्म्यांचा तेव्हा जन्मही नव्हता, ते येतात हेच पुष्कळ आहे.

त्या दिव्यांपासून जवळच, त्याच पार्कात, धक्क्याचा साठ मीटर लांबीचा तुकडा 1995 ला मोडला तसाच ठेवलाय. फरशा खचलेल्या, समुद्राचं पाणी आत आलेलं, आणि रस्त्यावरचे दिव्यांचे खांब तिरके झालेले. बाकी सगळं बंदर त्यांनी नवं बांधलं आणि एवढा तुकडा मुद्दाम मोडका राहू दिला. कमानींतून बाहेर पडलेली बरीच माणसं तिथं कठड्याला येऊन उभी राहत होती. एक बाप आपल्या मुलीला त्या तिरक्या खांबांकडं बोट करून काहीतरी समजावत होता. मला तिथं तुझं जुनं गाव आठवलं. वेशीची कमान तेवढी राहिलेली, बाकी बाभळी.

दोन्ही भूकंप सख्खे आहेत, आत्या. किल्लारीला 30 सप्टेंबर 1993 ची पहाट होती, चार वाजायला आले होते, गणपती बुडवून माणसं दमून झोपलेली. कोबेतही माणसं झोपेतच होती. आपल्याकडं दगडमातीच्या जाड भिंती आणि वर माळवदाची माती. उन्हाळ्यात घर गार राहावं म्हणून वर्षानुवर्षं त्यावर थर चढवलेले. कोबेतल्या जुन्या लाकडी घरांवरही वादळात कौलं उडू नयेत म्हणून खाली मातीचा थर देऊन ती बसवत. खाली खांब बारीक, वर ओझं भारी. बहुतेक माणसं त्याच ओझ्याखाली गेली. थोरल्या अक्काचं कशानं झालं ते तू मला एकदाच सांगितलंस. बाईंच्या वडिलांचंही तसंच झालं. मी त्यांना माळवद कागदावर काढून दाखवलं, त्या बराच वेळ ते चित्र पाहत बसल्या.

पुढचंही सारखंच. कोबेत तात्पुरती घरं सोडत काढून दिली, म्हाताऱ्यांना आधी. हेतू चांगला होता, पण शेजार फुटला. म्हातारी माणसं अनोळखी दारांमध्ये एकटी राहिली आणि काही तर एकटीच मेली, नंतर कळलं. तुमचं गाव नव्या जागी गेलं तेव्हा जमीन किती त्यावर घर ठरलं: अडीचशे फुटांचं, चारशेचं, साडेसातशेचं. कोण कुणाच्या भिंतीला भिंत लावून होतं ते कुणी विचारलं नाही. रस्ते रुंद झाले आणि हाक ऐकू येईनाशी झाली, हे तुझेच शब्द.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर, मला सुचलं तेवढं. कार्तिकात तुळशीपाशी उंच काठीला आकाशदिवा टांगायचो, तो कुणासाठी, असं मी लहानपणी विचारल्यावर तूच म्हणाली होतीस की वर गेलेल्यांना वाट दिसावी म्हणून. धनत्रयोदशीला दक्षिणेकडं तोंड करून कणकेचा दिवा ठेवतेस. म्हणजे गेलेल्यांसाठी दिवा आपल्याकडंही आहे, फक्त तो ज्याचा त्याच्या अंगणात. दुःखाच्या वर्षी सण टाळतो तेव्हा आपण घर बंद करून घेतो, आणि एका घरावर वेळ आलेली असते तोवर ते निभावतं, कारण डबा घेऊन येणारी भावकी शाबूत असते. सगळ्या गावावरच वेळ आली तर डबा कुठून येणार? अख्खं शहर सुतकात होतं, म्हणून कोबेनं दिवा अंगणातून रस्त्यावर आणला आणि सगळ्यांना थंडीत घराबाहेर बोलावलं. मला त्यात गेलेल्यांचा अनादर कुठं दिसला नाही.

आपल्याकडं किल्लारीच्या स्मृतिस्तंभापाशी दर 30 सप्टेंबरला सरकारी मानवंदना होते, ती व्हावीच. पण तिथं तुझ्या गल्लीतल्या बायका येत नाहीत, तूही जात नाहीस.

सप्टेंबरात मी येतोय. त्याआधी एक काम कर. जुन्या गल्लीतली घरं एकेक आठव आणि त्या पहाटे कोण कोण गेलं त्यांची नावं नातीला सांगून वहीत लिहून घे: टोपणनावं, माहेरची नावं, बारसं न झालेल्या बाळांना जे काही म्हणत असाल तेही. दादाआजोबांचं नावही लिही. गुरवाच्या आजींना आणि तेलीणकाकूंना बोलावून घे, तुला विसरलेलं त्यांना आठवेल. वेशीपासून सुरुवात करायची की मारुतीच्या पारापासून, ते तुम्ही तिघी ठरवा.

गुडघ्याला लावायचं तेल पार्सलनं पाठवलंय.

तुझा भाचा