चोखोबांच्या वाटेवर : भाग तिसरा

मंगळवार, मंगळवेढा

सोलापूर सुटलं की दोन्ही अंगांना काळं रान. ज्वारी हुरड्यात आली आहे. इथली मालदांडी जमिनीतल्या ओलीवरच पोसते. शेजारच्या सीटवरचे काका दामाजीपंतांची गोष्ट सांगत होते : दुष्काळात बादशाही कोठारं खुली करणारे ते याच गावचे. चोखोबांचा विषय मात्र मलाच काढावा लागला.

१३३८ साली गावकुसाच्या कामावर वेठीला धरलेले मजूर भिंत कोसळून दगावले. त्यांत चोखामेळा होते. आयुष्यभर ज्या कुसाबाहेर राहिले, त्याच्याखालीच गेले. नामदेव आले, ढिगाऱ्यातल्या ज्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू आलं ती चोखोबांची मानून पंढरीला घेऊन गेले, असं वारकरी सांगतात.

बुधवार, पंढरपूर

महाद्वारात बुक्क्याची आणि चुरमुऱ्यांची दुकानं, त्यांच्या गर्दीत नामदेव पायरी आणि तिच्यासमोर चोखोबांची समाधी. एक आजी नातवाला दटावत होती, "अरे, आधी चोखोबांना हात जोड, मग आत." पोरानं घाईघाईनं डोकं टेकलं, कपाळाला बुक्का लागला.

चोखोबांच्या पत्नी सोयराबाईंच्या बाळंतपणाला विठोबा नणंद निर्मळेच्या रूपात आला, ही कथा इथं सगळ्यांना पाठ. म्हणजे कथेत देव महारवाड्यात जाऊन बाळंतपण करतो आणि त्या घरच्या माणसांना त्याच्या देवळाचा उंबरा बंद! भक्तांना यात विसंगती दिसली नाही, असं म्हणवत नाही. खुद्द चोखोबांच्या मुलानं, कर्ममेळ्यानं, अभंगांतून देवालाच याचा जाब विचारला आहे.

गुरुवार, पंढरपूर

सकाळी तनपुरे महाराजांच्या मठात. १ मे १९४७ला साने गुरुजी इथं उपोषणाला बसले, १० मेला सोडलं, आणि दलितांना विठ्ठलमंदिर खुलं झालं. मधे सहाशे वर्षं गेली. त्या काळात चोखोबांचे अभंग कीर्तनात रंगत राहिले, ऐकणारे डोळे पुसत राहिले आणि दार तसंच राहिलं. गहिवर पुरेसा नव्हता. कुणाला तरी अडून बसावं लागलं. पुढच्याच वर्षी डॉ. आंबेडकरांनी अस्पृश्यांच्या उगमावरचा आपला ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीला अर्पण केला.

उद्या बुलढाण्याकडे. देऊळगाव राजा तालुक्यातलं मेहुणा राजा हे चोखोबांचं जन्मगाव मानतात. बहीण निर्मळा आणि मेहुणा बंका तिथलेच, दोघंही अभंगकर्ते. पुढचा भाग त्यांचा.