धार

आमच्या घरात कोणतीही वस्तू एकदम येत नाही. ती आधी बोलण्यात येते, मग हिशेबात येते, मग काही महिने विस्मरणात जाते. आणि त्यातूनही तग धरून राहिली, तर एखाद्या सणाच्या तोंडावर दारात येऊन उभी राहते. शिवणयंत्र असे आले, मिक्सर असाच आला. शिक्षकाच्या घरची ही रीत आहे आणि तिच्यात मला कमीपणा वाटत नाही. उलट, वस्तू येण्यापूर्वी तिच्याविषयी जे बोलणे होते, त्यातच तिचे निम्मे सुख असते असे माझे मत आहे. यंदा श्रावणापासून आमच्या बोलण्यात आलेली वस्तू म्हणजे प्रेशर वॉशर.

ज्यांनी तो पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडे वर्णन करतो. मुलाच्या फुगलेल्या दप्तराएवढी एक पेटी. तिच्या एका अंगाने पाणी आत जाते आणि दुसऱ्या अंगाने पाच-सात मीटर लांबीची जाड नळी बाहेर निघते. नळीच्या टोकाला बंदुकीसारखी मूठ आणि मुठीला चाप. चाप दाबला की पाण्याची अशी धार सुटते की अंगणातल्या फरशीवरचा चार महिन्यांचा मळ सालीसारखा सोलून निघतो. पूर्वी हे यंत्र फक्त हमरस्त्यावरच्या गाड्या धुण्याच्या ठिकाणी दिसे. आता लातूरच्या दुकानांत ते पाच-सात हजारांना मिळते, आणि आमच्या रेणापुरातही दिवाळीच्या आधीच्या रविवारी खराट्याच्या आवाजात त्याची घरघर मिसळू लागली आहे.

माझे विज्ञान मॅट्रिकपाशी थांबले. परंतु एवढ्या विज्ञानावरही या यंत्राचा उलगडा होतो. पाण्याचा १० मीटर उंच खांब उभा केला, तर त्याच्या पायथ्याशी जो दाब पडेल तो साधारण १ बार. २० मीटर उंचीच्या टाकीतून नळाला मिळतो तो फार तर २ बार. या पेटीवर १०० ते १२० बार असा आकडा छापलेला असतो. म्हणजे तसल्या पन्नास टाक्या एकावर एक रचाव्यात आणि सर्वांत खालच्या टाकीला सुईने भोक पाडावे, असा तो प्रकार! छापलेला आकडा कमाल दाबाचा असतो. प्रत्यक्ष कामात तो ८०-९० वर उतरला तरी, १ मिलिमीटरच्या तोंडातून सुटलेल्या त्या धारेचा वेग हिशेबाने ताशी ४०० किलोमीटरांच्या पुढे जातो. आणि गंमत अशी की, एवढा पराक्रम करायला मिनिटाला अवघे ६-७ लिटर पाणी लागते. पाणी थोडे, पण त्याला घाई फार. पाणी फरशीला धूत नाही, फटकारते.

दुकानदाराने हाच मुद्दा माझ्यापुढे धरला. "गुरुजी, नळीच्या निम्मंबी पाणी लागत नाही बघा!" तो खोटे बोलत नव्हता. अर्ध्या इंची नळी मोकळी सोडली तर मिनिटाला १५-२० लिटर पाणी सहज वाहून जाते. मोटारसायकल नळीने दहा मिनिटे धुवा, दीडशे-दोनशे लिटर गेले. वॉशरने पाच मिनिटांत तेच काम ३०-३५ लिटरांत होते. पाण्याच्या दुष्काळात वाढलेल्या माणसाला हा हिशेब ऐकून यंत्राच्या पायाच पडावेसे वाटेल. मी तो हिशेब कागदावर मांडून घरी आणला आणि मोठ्या विश्वासाने पत्नीपुढे ठेवला.

तिने कागद पाहिला आणि एकच प्रश्न विचारला, "अहो, नळीनं आपल्या घरी कोण धुतंय?"

मला उत्तर सुचेना. आमच्या घरी नळीने कोणीच धूत नाही. नळाला पाणी येते ते ठरल्या दिवशी, आणि येते तेवढा वेळ ते हौद भरण्यात जाते. मोटारसायकल दोन बादल्यांत आणि एका फडक्यात धुतली जाते. अंगण धुवायचे म्हणजे बादलीतून तांब्याने पाणी शिंपडायचे, खराट्याने घासायचे, उरलेले पाणी पुढच्या फरशीवर ओढायचे. सात-आठ बादल्यांत, म्हणजे १२० लिटरांत, आमचे अंगण लख्ख होते. तेच अंगण वॉशरने धुवायला अर्धा तास धरला तर १८० लिटर लागतील. तात्पर्य, हे यंत्र नळीला हरवते. पण तांब्या-खराट्याला ते पाण्याच्या काटकसरीत हरवू शकत नाही.

"पाणी वाचवतंय म्हणतात ते मशीन," ती पुढे म्हणाली, "मग इतके दिवस मी काय करायले होते?"

हा प्रश्न माझ्या मनात कित्येक दिवस घर करून राहिला. वस्तूंच्या गुणदोषांची जी कोष्टके आपण मांडतो, त्यांत तुलना कशाशी करायची हे आधीच कोणीतरी ठरवून टाकलेले असते. आल्फ्रेड कार्चर यांनी जर्मनीत श्टुटगार्टमध्ये १९३५ साली आपला कारखाना काढला. १९५० साली गरम पाण्याचे असे यंत्र त्यांनी केले, आणि त्याच कारखान्याने १९८४ साली घरात फिरवता येईल असा पहिला वॉशर बाजारात आणला. ज्या घरांसाठी तो केला, त्या घरांत नळ सोडला की पाणी येत होते. तेथे तुलना नळीशी होणे योग्यच होते. आमच्याकडे तुलना करायची ती उकिडव्या बसलेल्या, पदर खोचलेल्या एका बाईशी. तिला अंगणाला अडीच तास लागतात. आणि गेल्या दोन वर्षांपासून तिच्या उजव्या मनगटाला पट्टा आहे. गुडघे दुमडून बसू नका, असे डॉक्टरांनी बजावले आहे. तेव्हा खरा प्रश्न पाणी वाचते की नाही हा नाहीच. ६० लिटर पाणी जास्त घालून दोन तासांचे उकिडवे बसणे वाचवायचे की नाही, हा आहे.

बाहेरच्या वाचकाला यात प्रश्न तो कसला, असे वाटेल. ६० लिटर म्हणजे चार बादल्या! परंतु लातूर जिल्ह्यातल्या माणसाला चार बादल्या हा शब्द सहज उच्चारता येत नाही. २०१६ साली मांजरा धरण आटले. त्या मार्चमध्ये लातुरात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावावी लागली. १२ एप्रिलला मिरजेहून पहिली पाण्याची आगगाडी आली. १० डबे, सुमारे ५ लाख लिटर पाणी, सव्वातीनशे किलोमीटरांच्या पलीकडून आणलेले. आकडा ऐकायला केवढा मोठा! पण २०११ च्या जनगणनेत लातूर शहराची वस्ती ३ लाख ८० हजारांच्या वर होती. त्या गाडीतले पाणी माणशी वाटले तर सव्वा लिटरच्या आसपास येते. वॉशर तेवढे पाणी बारा-तेरा सेकंदांत उडवतो. त्या उन्हाळ्यात ज्याने टँकरच्या मागे घागर घेऊन धाव घेतली आहे, त्याचे बोट चापावर गेले की थोडे थांबणारच.

पण त्याच उन्हाळ्याची दुसरीही एक आठवण आहे. टँकरच्या मागे धावणाऱ्यांत बायकाच जास्त होत्या. आमच्या मुलखात पाणी वाचले ते कधी यंत्राने वाचले नाही. तांदूळ धुतलेले पाणी झाडाला, आंघोळीचे पाणी अंगणाला, भांडी राखेने घासून दोन तांब्यांत विसळायची, ही सारी काटकसर कोणाच्या तरी कमरेतून आणि मनगटातून निघाली आहे. त्या काटकसरीचे आपण कौतुक करतो. तिचे बिल मात्र आपण कधी पाहिलेले नसते. ते बिल आमच्या घरी एका कातडी पट्ट्याच्या रूपाने समोर आले, म्हणून मला दिसले.

तेव्हा यंत्राच्या बाजूने माझा कौल झुकला. मग मी त्याचे दोष शोधू लागलो. कारण ज्या वस्तूवर मन जडते तिचे दोष आधी पाहावेत, हे मुलीचे स्थळ पाहताना आपण शिकलेलो असतो.

स्वस्त वॉशरची मोटर मिक्सरच्या जातीची असते. ती हलकी असते, ओरडते फार, आणि पंधरा-वीस मिनिटांनंतर तिला विसावा द्यावा लागतो. तिच्यातले कार्बनचे तुकडे झिजतात. इंडक्शन मोटरचे यंत्र शांत आणि दणकट, पण ते जड आणि त्याची किंमतही जवळजवळ दुप्पट. वर्षातून चार-सहा वेळा अंगण धुणाऱ्याला मिक्सरची जात पुरते; रोज गाड्या धुणाऱ्याने तिच्या वाटेला जाऊ नये. १४००-१५०० वॉटचे हे यंत्र पंख्याच्या बारीक वायरवर जोडू नये. जाड वायर, मोठा प्लग आणि खात्रीचे अर्थिंग हवे, कारण येथे वीज आणि ओले पाय यांची गाठ आहे. विजेचा दाब पडला असेल त्या वेळी ते चालवू नये. कोरडे तर क्षणभरही चालवू नये. आणि बोअरचे पाणी! आमच्या काळ्या पाषाणातून येणारे पाणी हिटरच्या कांडीवर जो पांढरा थर चढवते, तोच थर या पंपाच्या पोटातही चढतो. गाळाचा एक खडा आत गेला तर पिस्टनची सीलच कापली जाते. म्हणून बादलीतून पाणी ओढता येते की नाही, जाळी काढून धुता येते की नाही, आणि सुटे भाग लातुरात मिळतात की नाही, हे तीन प्रश्न किमतीच्या आधी विचारावेत.

याहून मोठा दोष म्हणजे या धारेला तारतम्य नाही. मळ कोणता आणि मूळ कोणते हे तिला कळत नाही. शहाबादी फरशीवरचे शेवाळ ती काढते, त्याच झपाट्याने फरशीच्या सांध्यातला चुनाही काढते. जुन्या वाड्याच्या मातीच्या भिंतीवर ती धरली तर भिंत स्वच्छ होण्याऐवजी भिंतच कमी होते. लाकडी चौकटीचे तंतू उभे राहतात. तुळशीवृंदावनाचा रंग पापुद्र्यांनी उडतो. पोळ्याला बैल धुवायला हे यंत्र बरे, अशी कल्पना कोणाच्या डोक्यात येऊ शकते. तिला तेथेच थोपवावे. ज्या धारेने शेवाळ सुटते, ती जवळून कातडीत शिरते. जखम टिकलीएवढी दिसते आणि आत खोलवर नासते. तशी वेळ आलीच तर घरगुती उपाय न करता तडक दवाखाना गाठावा. मुले, जनावरे आणि स्वतःचे अनवाणी पाय या तिघांपासून ती दूर ठेवलीच पाहिजे. खराट्याला हे तारतम्य होते, कारण खराट्याच्या दुसऱ्या टोकाला हात होता आणि त्या हाताला आपले घर ठाऊक होते.

हे सर्व मांडून झाल्यावर जास्तीच्या ६० लिटरांचा प्रश्न उरला. तो आमच्या पत्र्याने सोडवला. मागच्या पडवीचे छप्पर २० फूट लांब आणि १५ फूट रुंद आहे. त्यावर एक सेंटीमीटर पाऊस पडला तर हिशेबाने पावणेतीनशे लिटर पाणी पन्हळीतून उतरते. पहिल्या दोन पावसांनी पत्रा धुऊन जातो. परतीच्या पावसाचे पाणी जुन्या लुगड्याच्या चौपदरी फडक्यातून गाळून २०० लिटरांच्या पिंपात साठवले, तर दिवाळीचे अंगण त्यात होते. ते पाणी मऊ असते, पंपाच्या पोटात थर धरत नाही. पिंपाला झाकण मात्र घट्ट हवे. नाहीतर अंगण लख्ख आणि घरात डेंग्यू, असा सौदा व्हायचा.

आणि त्या पिंपातच मला या यंत्राचा खरा लगाम सापडला. वॉशर नळाला जोडला की धुण्याला शेवट राहत नाही. अंगण झाले की पायऱ्या, पायऱ्या झाल्या की फाटक, फाटक झाले की शेजाऱ्याची भिंत! चापावरचे बोट सुखावते आणि स्वच्छ वस्तूही मळकट दिसू लागतात. पिंपाला जोडला की पिंप संपेल तेथे धुणे संपते. काटकसर यंत्रात नसते. ते ज्या भांड्यातून पाणी पिते, त्या भांड्यात असते.

हा सारा हिशेब मी पुन्हा पत्नीपुढे ठेवला. तिने तो शांतपणे ऐकला. गल्लीत ज्या दोन घरी हे यंत्र आले आहे, तेथे एक चमत्कार घडलेला तिने माझ्या आधी टिपला होता. ज्या पुरुषांनी जन्मात खराट्याला हात लावला नव्हता, ते चाप हाती आल्यापासून रविवारी सकाळी स्वतः अंगण धुतात. कामाला चाप बसवला की ते पुरुषाचे काम होते, असे दिसते. यंत्राच्या गुणांच्या यादीत कोणत्याच दुकानदाराने हा गुण लिहिलेला नाही; माझ्या मते तो पहिल्या क्रमांकाचा आहे.

"आणा," ती म्हणाली. "पण धुवायचं तुम्ही. आणि एका पिंपातच भागवायचं."

पिंप सध्या काठोकाठ भरलेले आहे. यंत्र धनत्रयोदशीच्या आधी येईल. त्या सकाळी अडीच तास तिला मोकळे मिळणार आहेत. त्यांचे ती काय करणार, हे मी विचारले नाही. पंचवीस वर्षांनी परत मिळणाऱ्या वेळेचा हिशेब मागण्याचा अधिकार मला आहे, असे मला वाटत नाही.