पहिलीतलं इंग्रजी

आमच्या पिढीचं आणि इंग्रजीचं लग्न पाचवीत लागलं. तोवर दोन्ही पक्षांनी एकमेकांचं तोंड पाहिलेलं नव्हतं. मुलगी मोठ्या घरची, आम्ही वसमतचे. संसार आजवर धाकातच चालला आहे. बी. कॉम. होऊन बँकेत कारकून झालो, पण साहेबांनी ‘यस?’ म्हटलं की मी अजून पाचवीत जाऊन उभा राहतो.

१९९९ साली हिंगोली जिल्हा झाला आणि पुढच्याच वर्षी, २००० च्या जूनपासून, सरकारनं मराठी शाळांतही इंग्रजी पहिलीत आणून बसवलं. त्यामुळे हल्ली संध्याकाळी शेजारची चिल्लीपिल्ली आमच्या ओट्यावर पुस्तकं घेऊन जमतात. ए फॉर ॲपल ठीक. सफरचंद निदान आजारपणात तरी घरी येतं. पण ऐन वैशाखात, पारा चाळिशीपार गेलेला असताना, आय फॉर इग्लू शिकवायचं म्हणजे कठीण!

‘इग्लू म्हणजे बर्फाचं घर,’ मी म्हणालो.

‘काका, मग चूल कुठं मांडतात?’

बी. कॉम.ला हे नव्हतं.

एच आला, तेव्हा सहा वर्षांची एक चिमुरडी ओरडली, ‘एच फॉर हळद!’ पुस्तकात हॅट होती. पण आमचं वसमत हळदीवर जगतं, हॅटवर नव्हे. मी बरोबरची खूण केली.

परवा तिची आई काउंटरवर आली. म्हणाली, ‘भाऊजी, पासबुकातला बॅलन्स पोरीनंच वाचून दाखवला बघा!’

आकडा तीनच अंकी होता. बाई सांगत होती मात्र लाखाच्या थाटात.